लाल फुलीची गाडी

विमला : बूट तरी काढा आधी. कोचावर बूट घालून बसलेले तुम्हाला मी लग्नानंतर आज पहिल्यांदा बघतेय.

रत्नाकर : काढतो.

विमला : पोरगी ऑटोतच झोपली काय?

रत्नाकर : देवळाच्या सिग्नलपर्यंत जागी होती. मग खांद्यावर डोकं टाकलं. आत निजवून, पांघरूण घालून आलोय.

विमला : आणि जेवण? आज आज्या-आजोबांना प्लेहोममध्येच बिसिबेळे भात आहे म्हणून मी घरी स्वैपाक केला नाही.

रत्नाकर : मला भूक नाही. लवकर संपलं तिथलं.

विमला : त्यांचं संपलं की तुमचं संपलं?

रत्नाकर : विमल, पाणी दे जरा.

विमला : देते. सकाळी काय ती स्वारी निघाली होती. खोकी, झाकणं, करवंटी, फाटका मोजा, माझ्या खराट्याचे हीर, सगळं पिशवीत. मला वाटलं, नातीला घेऊन कारखाना काढताय. घ्या पाणी. काय काय केलंत मग?

रत्नाकर : खेळणी केली. सगळ्यांनीच केली. त्या बुटक्या खुर्च्या, सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. वेदिकानं गाडी केली. टूथपेस्टच्या खोक्याची.

विमला : चांगली झाली?

रत्नाकर : झाली.

विमला : बरं. आता मी सांगते. यशश्रीचा फोन येऊन गेला.

रत्नाकर : कधी?

विमला : तुम्ही ऑटोत असाल तेव्हा. त्या मनस्विनी मिसनी तिला ऑफिसात फोन केला होता. रागावल्या नाहीत, गोडच बोलल्या म्हणे. म्हणाल्या, तुमची मुलगी घरी टीव्ही फार बघते असं दिसतं, त्यातलं काहीतरी बघून ती दुसऱ्या मुलांची खेळणी कचऱ्याच्या डब्यात टाकते, स्वल्प लक्ष द्या. यशश्रीनं विचारलं, टीव्ही बघते हे कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, आजोबांनीच सांगितलं. अहो, त्या टीव्हीवर पोर जन्मल्यापासून चादर घातलेली आहे. यशश्रीनं स्वतःच्या हातानं घातली. तुम्ही क्रिकेट बघायला वरच्या मजल्यावर शिवाप्पांकडे जाता. आणि मिसना टीव्ही म्हणून सांगता?

रत्नाकर : तोंडातून गेलं.

विमला : तो पेला खाली ठेवा. मघापासून रिकामा आहे.

रत्नाकर : ठेवला.

विमला : आता पहिल्यापासून सांगा. यशश्री निघालीय तिकडून. सर्जापूर रोडची गर्दी आहे म्हणून तेवढा वेळ आहे आपल्याला.

रत्नाकर : ती ऑफिस सोडून येतेय?

विमला : रजा टाकून येतेय. बोला.

रत्नाकर : गाडी करत होती ती. मी काही बोललो नाही, खरंच सांगतो. तू बजावून पाठवलं होतंस ना, बोलू नका म्हणून. मी हात मांडीखाली धरून बसलो होतो. तिनं झाकणं घेतली, चिक्की लावली...

विमला : चिक्की?

रत्नाकर : डिंक गं. मिसनी दिलेला. तर चारही चाकं तिनं एकाच बाजूला लावली. एकाखाली एक, शर्टाच्या गुंड्यांसारखी. मी तरी बोललो नाही. पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

विमला : तुमचं तोंड काय म्हणत होतं?

रत्नाकर : काय म्हणत असणार. माझं तोंड मला दिसतंय का? तिनं बघितलं, मग स्वतःच लाल खडू उचलला, गाडीवर फुली मारली, म्हणाली रिजेक, आणि डब्यात टाकून आली. टाळ्या वाजवल्या स्वतःच. बाकीचे हसले. मीही हसलो.

विमला : हसलात तुम्ही.

रत्नाकर : हसलो. तिथंच चुकलं. तिला वाटलं, खेळ सुरू झाला. खडू घेऊन निघाली ती टेबलाटेबलावर. विमल, हात मागे बांधून. मी फॅक्टरीत तपासणीला हिंडायचो तशी. पोट पुढे काढून, मान वाकडी करून. मला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर कुणीही म्हणालं असतं, हे बघा इन्स्पेक्टर साहेब आले.

विमला : अय्यो.

रत्नाकर : एका बाईनं करवंट्यांचा टेलिफोन केला होता, त्याला फुली. कुणाच्या खुळखुळ्याला फुली. तोवरही लोक हसत होते. मग विराट म्हणून एक मुलगा आहे, त्याच्या टेबलाशी गेली. त्यानं आणि त्याच्या आजोबांनी मोज्याचा ससा केला होता. आत जुने पेपर कोंबलेले, दोन बटणं डोळ्यांना, आणि कान एकच. दुसरा कान राहूनच गेला होता.

विमला : पुढे सांगा.

रत्नाकर : तिनं फिरवून फिरवून बघितला तो ससा. हूं म्हणाली. पोटावर फुली मारली आणि डब्यात टाकला. डब्यात कुणीतरी चहाची पावडर टाकली होती. तो विराट आधी रडला नाही. चालत गेला, डब्यात वाकून बघितलं, मग आजोबांकडे बघितलं. मग रडला. मुलं आपटतात, पडतात, तसं रडणं नव्हतं ते.

विमला : आणि त्याचे आजोबा?

रत्नाकर : देवाप्पा त्यांचं नाव. ससा काढला, धोतराला पुसला. मला कन्नडमध्ये म्हणाले, जाऊ दे सर, मुलंच ती. मी मान डोलावली. तेवढ्यात मिस आल्या. वेदिकाजवळ बसून प्रेमानं म्हणाल्या, हे कुठे शिकलीस बंगारा? ती काही बोलली नाही. मग मला विचारलं. सगळे बघत होते.

विमला : आणि तुम्ही म्हणालात, टीव्ही.

रत्नाकर : म्हणालो, टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल.

विमला : पोरगी कुठं होती तेव्हा?

रत्नाकर : माझं बोट धरून उभी होती. वर बघत होती. विमल, काहीतरी बोल.

विमला : काय बोलू? तो बुटाचा खोका कपाटाखालून आणू का बाहेर? त्यावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय ना, रिजेक्ट?

रत्नाकर : गंमत होती ती. तूही बघत होतीस. फॅक्टरीत नापास तुकड्यावर लाल फुली मारून पिंजऱ्यात टाकायचो. पुन्हा कुणी चुकून उचलू नये म्हणून. एखादा तसला तुकडा विमानात बसला तर माणसं मरतात. तेच तिला खेळ म्हणून...

विमला : तिथं विमान होतं. इथं टूथपेस्टचं खोकं आहे.

रत्नाकर : तिला आवडायचं, विमल. किती हसायची.

विमला : ती कशाला हसायची ते सांगू? तिनं काहीतरी करून आणलं की तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचा. काड्यांची चटई आणली, पट्टी लावून बघितलीत. आगपेटीचा पाळणा आणला, टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघितलात. हूं म्हणायचात. तोंडावर हसू नाही. ते खोक्यात धाडकन पडलं की मात्र तुम्ही खदाखदा हसायचात. ती तुमच्या हसण्यासाठी तो खोका भरत होती.

रत्नाकर : मग तेव्हा का नाही बोललीस?

विमला : तेही खरंच. मलाही आधी गंमतच वाटली. मागे एकदा पोळ्या करताना तिला कणकेचा गोळा दिला. चिमणी केली तिनं. चोच काढली, मिरीचे डोळे लावले. मी म्हटलं दाखव, तर मला न दाखवता ओट्याखालच्या बादलीत टाकली. रिजेक म्हणाली. आणि मी काय केलं, ते जाऊन शेजारणीला हसत सांगितलं, आमची नात बघा कशी हुशार. माझी लाज मी घेते. तुमची तुम्ही घ्या.

रत्नाकर : घेतोय. म्हणून तर बूट काढायचं सुचलं नाही.

विमला : आपला मकरंद लहानपणी तुमचा तोच हूं ऐकत वाढला, आता साधा बल्ब बदलायला माणूस बोलावतो. तुम्ही हसता त्याला.

रत्नाकर : त्याला आता मध्ये आणू नकोस.

विमला : आणत नाही. तो आधीपासूनच मध्ये आहे.

रत्नाकर : यशश्रीला तू सांगशील का? म्हणजे, अंदाज घेऊन. तुझं ती ऐकते.

विमला : सरी, बरं. सांगते. काय सांगू? तुझे सासरे सगळ्यांसमोर खोटं बोलले आणि आता तुझ्यासमोर यायला लाजतात, म्हणून मी आलेय?

रत्नाकर : नको. राहू दे.

विमला : गेट वाजलं. तीच असेल. उठू नका, खोलीत जाऊन झोपायचं नाटक तर अजिबात करू नका.

(यशश्री येते. लॅपटॉपची बॅग खांद्यावरच.)

यशश्री : झोपलीय का ती?

विमला : आत आहे. तू बस आधी. पाणी देऊ?

यशश्री : नको आई. बाबा, सॉरी.

रत्नाकर : तू कशाला सॉरी?

यशश्री : तुम्हाला तिथं सगळ्यांसमोर किती ऑकवर्ड झालं असेल. मीही सोबत येणार होते आज, पण सकाळचा कॉल सुटला नाही, म्हणून तुम्हाला एकट्यालाच पाठवलं आणि हे झालं. मी कॅबमध्ये सगळा वेळ विचार करत होते. आणि बाबा, मला वाटतं, ही माझीच चूक आहे.

रत्नाकर : यशश्री, ऐक...

यशश्री : नाही, मला बोलू द्या. मी सगळ्यांना सांगत हिंडते की आमच्याकडे स्क्रीन नाही. टीव्हीवर चादर घातली, तुमचं क्रिकेट बंद केलं. मकरंदला जेवताना फोन बघू देत नाही. पण मी स्वतः कधी कधी, कॉल चालू असला आणि ती रडायला लागली की तिच्या हातात फोन देते. तुमच्या कुणाच्या नकळत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्यात काय लागतं मी बघत पण नाही. त्यातलंच असेल ते. तुम्हाला तर माहीत पण नसणार, आणि मिसनी विचारल्यावर तुम्ही बिचारे टीव्ही म्हणालात. तुम्ही मला कव्हर केलंत एका परीनं.

विमला : देवा.

यशश्री : काय झालं, आई?

विमला : काही नाही. मी चहा ठेवते.

रत्नाकर : हां, चहा ठेव. यशश्री, तू दमली असशील, आधी चहा घे, मग...

विमला : चहा मी ठेवते. तुम्ही बोला.

यशश्री : काय बोलायचंय, बाबा?

रत्नाकर : फोन नाही तो.

यशश्री : म्हणजे?

रत्नाकर : तुझ्या फोनमधून आलेलं नाही ते. टीव्हीतूनही नाही. माझ्याकडून आलंय. कपाटाखाली एक बुटाचा खोका आहे, तो बघितलास का कधी?

यशश्री : तो ना, बघितलाय. त्यात काड्या, झाकणं असतात. मला वाटलं, तुमचं दोघांचं क्राफ्टचं सामान आहे. मी उलट ऑफिसात सांगते, आमच्या घरी आजोबा नातीबरोबर टाकाऊ वस्तूंची खेळणी करतात.

रत्नाकर : करतो. पण त्या खोक्यात तिनं केलेली आणि मी नापास केलेली खेळणी आहेत. ती करते, मी तपासतो. लाल फुली मारतो. रिजेक्ट म्हणतो आणि टाकतो. ती हसते, मी हसतो. आज तिनं तिथं तेच केलं. जसं मी करतो, अगदी तसंच. चालणंसुद्धा माझं. मिसनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं. आठवावंसुद्धा लागलं नाही. पण आजूबाजूला सगळे माझ्या वयाचे लोक बसले होते. त्यांच्यासमोर, मी शिकवलं, असं म्हणवेना. म्हणून टीव्ही म्हणालो. तुझं नाव पुढे येईल हा विचारच केला नाही मी. स्वतःचं तोंड वाचलं एवढंच पाहिलं.

यशश्री : तुम्हाला माहीत होतं.

रत्नाकर : हो.

यशश्री : आणि आत्ता मी बोलत होते, फोनचं, तेव्हा पण तुम्ही ऐकत होता.

रत्नाकर : हो. थांबवायला हवं होतं. एकदा तोंड उघडलं, पण पुरं उघडलं नाही.

यशश्री : बाबा, मी सिल्क बोर्डच्या सिग्नलला कॅबमध्ये बसून रडले. ड्रायव्हरनं हिंदीत विचारलं, मॅडम, घर में सब ठीक? मी म्हटलं, ठीक नहीं है, मेरी गलती है.

विमला : चहा घे, यशू.

यशश्री : नको आई. मला राग आलाय. मला आत्ता काही बोलायचं नाहीये, नाहीतर मी नको ते बोलेन.

विमला : बोल की. आज तेही ऐकतील.

यशश्री : नाही. एकच विचारते. तिच्या कुठल्याच वस्तूला कधी पास नाही म्हणालात?

रत्नाकर : पास... पासला काही खूण नसते आमच्याकडे. चांगला असेल तो तुकडा तसाच पुढे जातो. त्यावर कुणी काही लिहीत नाही, कुणी काही बोलतही नाही.

यशश्री : म्हणजे नाहीच म्हणालात.

रत्नाकर : नाही म्हणालो. बघण्यासारखं होतं पण काही काही. तो आगपेटीचा पाळणा. त्यात तिनं मुगाचा एक दाणा निजवला होता. वर कापसाचं पांघरूण. मला तेव्हाच दिसलं होतं.

यशश्री : मग?

रत्नाकर : डुगडुगत होता.

विमला : ऐक आता हे.

रत्नाकर : उद्या सकाळी तिला सोडायला मी जातो. मिसना खरं काय ते सांगतो. त्या देवाप्पांची वेळही तीच असते, त्यांनाही सांगतो. तुझं नाव पुसायला पाहिजे त्यातून.

यशश्री : वेदिकासमोर सांगा. बाजूला घेऊन नको. ती तुमचं बोट धरून उभी असताना तुम्ही टीव्ही म्हणालात, तर ती बोट धरून उभी असतानाच आता खरं सांगा.

रत्नाकर : तिला कळेल?

यशश्री : आज कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?

रत्नाकर : नाही. तसं वाटत नाही.

विमला : ऑटोत काही बोलली का हो ती?

रत्नाकर : एवढंच म्हणाली, आबा, टीव्ही कुठंय? मी म्हटलं, घरी आहे. मग झोपली.

यशश्री : खिशातून काय काढताय?

रत्नाकर : ही तिची गाडी. सगळे जेवायला बसले तेव्हा डब्यातून काढून घेतली. म्हणून तर जेवायला थांबलो नाही. हातात हे, आणि वर समोर देवाप्पा बसलेले.

यशश्री : चाकं सगळी एकाच बाजूला आहेत.

रत्नाकर : आहेत.

यशश्री : आणि ही फुली तिनं मारली, स्वतः?

रत्नाकर : स्वतः. मी फक्त बघत होतो. ठेव तिथं टीपॉयवर. डिंक ओला आहे अजून.

विमला : तिची चाहूल लागतेय. उठली वाटतं.

यशश्री : आली. दारातच उभी आहे. ये ना वेदू, ये मम्माकडे.

विमला : गाडी दिसली तिला.

यशश्री : घेतली पण. बाबा, ती तुमच्याकडे बघतेय.

रत्नाकर : बघतेय. मी काय करू?

विमला : चष्मा कपाळावरच राहू दे. आणि हूं म्हणू नका.

रत्नाकर : वेदिका, बाळा, ती गाडी... ती आबांना...

यशश्री : ती मागे सरकतेय. बाबा, थांबा, उठू नका.

रत्नाकर : बसलोय. कुठं निघाली? कचऱ्याच्या बादलीकडे? विमल, तिला अडव.

विमला : बादलीकडे नाही हो. तुमच्याकडे पाठ करून निघालीय. गाडी पोटाशी धरलीय.

यशश्री : टीव्हीकडे गेली. चादर उचलतेय. आत ठेवतेय, अगदी मागे. आता चादर खाली ओढतेय, नीट, सुरकुती नको म्हणून. बाबा, ती तुमच्यापासून लपवतेय.

विमला : आणि आता वळून बघतेय, तुम्हाला दिसलं की काय म्हणून.

रत्नाकर : तिला सांग, आबांनी काही बघितलं नाही.